दुसऱ्याच्या दाराचा फोटो

दुपारी ३ वाजून ४२ मिनिटांनी मोबाईलवर मेसेज आला, ‘तुमचं पार्सल पोहोचतं केलं आहे.’ मी पुण्यात ऑफिसात होते. पार्सल जायचं होतं साताऱ्याला, आईबाबांच्या घरी. बाबांचा नेब्युलायझर आदल्या आठवड्यात बंद पडला होता, थंडी वाढत चालली होती, आणि दम्याच्या माणसाच्या घरात ते मशीन नसणं म्हणजे रोजची रात्र काळजीची. ‘चार दिवसांत मिळेल’ असं लिहिलेलं बघून मी ते मागवलं होतं. २,३४० रुपये, पैसे आधीच भरून.

मी लगेच घरी फोन लावला.

“आई, आलं का मशीन?”

“नाही गं.”

“अगं, आत्ता दिल्याचा मेसेज आलाय.”

“इथे कुणी फिरकलं नाही. मी दुपारपासून बाहेरच्या खोलीतच बसलेय, मटार सोलत. बेलसुद्धा वाजली नाही.”

मी अ‍ॅप उघडलं. ऑर्डरच्या खाली हिरवी खूण होती आणि पुरावा म्हणून एक फोटो. मी तो मोठा करून बघितला. गुळगुळीत पांढऱ्या फरशीवर खोका ठेवलेला. मागे लोखंडी जाळीचं दार, कडेला हिरवं पायपुसणं, एक लहान मुलाचा निळा सॅंडल उलटा पडलेला. आमच्या साताऱ्याच्या घराला शहाबादी फरशी आहे, दार लाकडी, दोन फळ्यांचं, आणि त्यावर आईनं दसऱ्याला बांधलेलं झेंडूचं तोरण सुकून तसंच लटकतंय. त्या घरात लहान मूल शेवटचं होतं ते मी.

बाबांची सोय त्याच संध्याकाळी झाली. शेजारचा मुलगा मोती चौकाजवळच्या मेडिकलमधून मशीन घेऊन आला, किंमतही फार वेगळी नव्हती. जिवाशी संबंध असलेली वस्तू तेव्हापासून मी कधीच कुरियरच्या भरवशावर ठेवलेली नाही. जवळच्या दुकानात मिळत असेल तर तिथूनच. पण २,३४० रुपये गेले ते गेलेच होते, आणि तो दुसऱ्याच्या दाराचा फोटो माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. कुणीतरी तो काढला, कुणीतरी तो पुरावा म्हणून मान्य केला, आणि आता आम्हीच खोटं बोलत नाही हे आम्हाला सिद्ध करायचं होतं.

पहिले दोन दिवस चॅटवर गेले. तिथे उत्तर देणारं माणूस नसतंच. ‘आमच्या नोंदीनुसार पार्सल दिलेलं आहे. शेजाऱ्यांकडे किंवा वॉचमनकडे चौकशी करा.’ आमच्या गल्लीत वॉचमन नाही. शेजारच्या चारही घरांत आई स्वतः विचारून आली होती. हे मी लिहिलं. पुन्हा तेच वाक्य आलं. तिसऱ्या दिवशी चॅटनं माझी तक्रार ‘निकाली’ काढली.

त्या रात्री मी चिडून खूप लिहिलं आणि सगळं खोडलं. मग शांतपणे एक मेल लिहिली. ऑर्डरचा नंबर, पैसे भरल्याची तारीख आणि पावती, पार्सल दिल्याची नोंदलेली वेळ, त्यांचा फोटो, आणि त्याच्याच खाली आईनं तेवढ्यासाठी काढून पाठवलेला आमच्या दाराचा फोटो, सुकलेल्या तोरणासकट. खाली दोनच मागण्या: पार्सल दिलं तेव्हाचं ठिकाण आणि ते ज्यानं घेतलं त्याचं नाव किंवा सही दाखवा, नाहीतर पैसे परत करा. ही मेल मी चॅटवर न टाकता तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर पाठवली.

हा अधिकारी असतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे वेगळे नियम आले. ऑनलाइन विक्री करणाऱ्या प्रत्येक कंपनीनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव आणि संपर्क आपल्या साइटवर दाखवायचा, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायचा, असं त्यांत स्वच्छ लिहिलेलं आहे. त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे जी फार थोड्यांना ठाऊक असते. सांगितलेल्या मुदतीनंतर माल आला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही, त्याच्या हाताबाहेरचं काही संकट आलं असेल तर गोष्ट वेगळी. उशिरा आलेल्या मालाची ही कथा, तर न आलेल्या मालाचं काय? या अधिकाऱ्याचं नाव बहुतेक साइटवर अगदी तळाशी, बारीक अक्षरांत असतं. शोधावं लागतं. पण असतं.

पोच दुसऱ्या दिवशी आली. निकाल येईना. दहाव्या दिवशी मी १९१५ ला फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १७ भाषांत चालते. मराठीत बोलता येतं, आणि मला ते फार मोलाचं वाटलं, कारण आपला राग आणि आपली बाजू दोन्ही परक्या भाषेत सांगताना निम्मं हरवतं. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तक्रारीचा नंबर दिला. ही हेल्पलाइन कोर्ट नाही, कंपनीला हुकूम देऊ शकत नाही. ती तक्रार कंपनीच्या टेबलावर नेऊन ठेवते आणि उत्तर मागते. माझ्या बाबतीत तेवढ्यानं काम झालं. एकोणिसाव्या दिवशी पैसे खात्यात परत आले. कारण काही दिलं नाही. ते पार्सल कुणाच्या दारात गेलं, त्या निळ्या सॅंडलच्या घरानं त्याचं काय केलं, हे मला आजही माहीत नाही.

पैसे आल्याचं सांगायला मी साताऱ्याला फोन केला. मला वाटलं आईला आनंद होईल. ती गप्पच बसली. मग म्हणाली, “तू एवढं लिहिलंस, एवढे फोन केलेस, म्हणून आले का गं?”

“हो.”

“मग माझेही येतील का?”

मला कळेना ती कशाबद्दल बोलतेय. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

आईला इरकल हवं होतं. माझी आजी नेहमी इरकल नेसायची, काळ्या-निळ्या अंगाचं, लाल पदराचं. पदराचे पांढरे दातेरी पट्टे आईच्या लहानपणीच्या आठवणींत आहेत. इरकल येतं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलहून. त्याचा पदर आणि अंग वेगवेगळ्या ताण्याचे असतात आणि मागावरच एकमेकांत अडकवून विणलेले असतात. हे आईनंच मला कधीतरी सांगितलं होतं. तिला कापडातलं कळतं. आणि तरीही, मोबाईलवर एका पेजवर मागावर बसलेल्या म्हाताऱ्या विणकराचा व्हिडिओ बघून तिनं ‘विणकरांकडून थेट, शेवटचे चार दिवस’ असं लिहिलेली साडी १,६५० रुपयांना मागवली. मला हा ‘तरीही’ बरोबर वाटत नाही. तिला कळत होतं म्हणूनच तिला ती साडी ओळखीची वाटली. व्हिडिओ खराच होता, कुठल्या तरी खऱ्या विणकराचा, तिथून उचललेला. फसवणाऱ्यानं आईचा मोह पकडला नाही, तिची आठवण पकडली.

व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर आला. तिनं पिन टाकला, पैसे गेले. पैसे घेणाऱ्याचं म्हणून जे नाव दिसलं ते दुकानाचं नव्हतं, कुणा माणसाचं होतं. ते तिच्या लक्षात आलं होतं, पण तिला वाटलं मालकाचं असेल. चौथ्या दिवशी मेसेज आला: पार्सल निघालंय, पण कुरियरचे २८० रुपये आधी भरावे लागतील, साडी पोहोचली की परत मिळतील. तिनं तेही भरले. त्यानंतर तो नंबर उचलेना. मग तिच्या मोबाईलवर त्याचा फोटोही दिसेना.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू ओरडली असतीस. आणि बाबांना कळलं असतं तर म्हणाले असते, तुला मोबाईल कशाला दिला.”

तेव्हा आठ दिवस झाले होते.

मी तिथेच जिन्यावर बसले. या आठ दिवसांत ती रोज माझ्याशी बोलत होती. भाजी काय केली, बाबांचा खोकला कसा आहे, सगळं. आणि रात्री एकटी पाच-पाच वेळा तो नंबर लावून बघत होती. हे मला त्या १,९३० रुपयांपेक्षा जास्त लागलं. मी तिच्यावर कधी ओरडले होते ते आठवून बघितलं. आठवलं. दोन वर्षांपूर्वी तिनं एका अनोळखी लिंकवर बोट ठेवलं होतं आणि मी तासभर तिला बोलले होते. तिच्या भल्यासाठीच. त्या तासाचं फळ हे आठ दिवस होते.

माझं प्रकरण आणि आईचं प्रकरण वरून सारखंच दिसतं. दोघींचा माल आला नाही. पण आतून ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. माझ्याकडे एक खरी कंपनी होती, तिला पत्ता होता, अधिकारी होता, कायद्यानं ती बांधलेली होती. तिच्याशी चिकाटीनं भांडायचं होतं. आईच्या बाबतीत दुकानच नव्हतं. तिथे ग्राहक हेल्पलाइन काय करणार? तो सरळ गुन्हा, आणि अशा ऑनलाइन फसवणुकीची तक्रार नोंदवायचा सरकारी नंबर १९३०. आईचा एकूण आकडाही योगायोगानं तोच निघाला, म्हणून तिच्या तो कायमचा लक्षात राहिलाय.

१९३० चा सगळा खेळ वेळेचा असतो. तक्रार नोंदवली की ती ज्या बँकेत पैसे गेले तिथपर्यंत जाते आणि पैसे त्या खात्यात अजून पडून असतील तर बँक ते अडवून ठेवते. म्हणूनच पहिले काही तास सोन्याचे. फसवणाऱ्याचं खातंही बहुधा त्याचं स्वतःचं नसतं, कुणाकडून भाड्यानं घेतलेलं, कुणाच्या अडचणीचा फायदा घेऊन उघडलेलं असतं, आणि आलेला पैसा तिथे थांबत नाही. आठ दिवसांनी आम्ही फोन केला तेव्हा त्यांनी बारा अंकी यूपीआय व्यवहार क्रमांक विचारला, दोन्ही व्यवहारांची वेळ विचारली, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार पूर्ण करायला सांगितली. आईनं सगळं व्यवस्थित दिलं. पैसे आले नाहीत. त्या खात्यातून ते केव्हाच पुढे गेले होते. पण तक्रार नोंद झाली, नंबर मिळाला, आणि आईनं तो भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवला.

बँकेतही जाऊन आलो. तिथे आईनं विचारलं, तीन दिवसांत कळवलं तर पैसे परत मिळतात ना? ही समजूत पुष्कळांची आहे आणि ती निम्मीच खरी आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही असं आहे खरं, पण ते अनधिकृत व्यवहारासाठी, म्हणजे आपल्याला न विचारता कुणी खात्यातून पैसे काढले, आपला काही दोष नाही, तेव्हा. आईनं स्वतः पिन टाकला होता. कागदोपत्री तो तिचा राजीखुशीचा व्यवहार. काउंटरवरच्या मुलीनं हे तिला समजावून सांगितलं, चांगल्या शब्दांत, पण ते ऐकताना आईचा चेहरा मी बघत होते. पिन टाकणं म्हणजे पैसे हातात देणं. ते कुणी चोरलेले नसतात, आपण दिलेले असतात, आणि मागे आणण्याच्या वाटा तिथून फार अरुंद होतात. (पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हेही त्या मुलीनं आवर्जून सांगितलं. ‘रिफंड घ्यायचाय, पिन टाका’ असं कुणी म्हटलं की तिथेच थांबायचं.)

बँकेतून परत येताना बाबा रिक्षात बोलायला लागले. त्यांना शेवटी आम्ही सांगितलंच होतं, आणि ते ओरडले वगैरे काही नाहीत. ते म्हणाले, “आमच्या वेळी व्ही.पी. असायची.” माझ्याही आठवणीत आहे ती. दिवाळी अंक, पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची पुस्तकं, एकदा घड्याळसुद्धा. पोस्टमन दारात येऊन म्हणायचा, “व्ही.पी. आहे, सोडवून घ्या.” बाबा आतून पैसे आणायचे, मोजून द्यायचे, मग पुडकं हातात. पैसे नसतील त्या दिवशी तो म्हणायचा, “असू दे, उद्या येतो,” आणि खरंच उद्या यायचा. ही व्हॅल्यू पेएबल पद्धत आपल्याकडे १८७७ पासूनची. आजची कॅश ऑन डिलिव्हरी तिचीच नात. माल आणि पैसा एकाच उंबऱ्यावर समोरासमोर यायचे आणि मध्ये पोस्टमन उभा असायचा, ज्याला आपण नावानं ओळखायचो आणि ज्याला आपलं दार पाठ असायचं.

तेव्हाही फसवणूक होती. पुडकं पैसे देऊनच फोडता यायचं, आणि आत भलतंच निघाल्याच्या गोष्टी बाबांनीच मला सांगितल्यात. आजही दारात पैसे देणं म्हणजे सुरक्षित, असं डोळे झाकून म्हणता येत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या नावानं न मागवलेलीच पार्सलं येतात, पाचशे-सहाशेची. आजीला वाटतं नातवानं मागवलं असेल, ती पैसे देऊन टाकते, आत दहा रुपयांची प्लास्टिकची वस्तू. आमच्या घरात आता एवढंच ठरलंय की ज्यानं मागवलं असेल त्याला फोन करून विचारल्याशिवाय दारात एक रुपया द्यायचा नाही. पार्सल परत गेलं तर जाऊ दे. खरं असेल तर पुन्हा येईल.

‘जाऊ दे’ हा शब्द इथे आलाच. दुसऱ्या अर्थानं तो मला फार छळतो. ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा दुपारच्या डब्याच्या टेबलावर बसलेल्या सात जणांपैकी पाच जणांकडे अशीच एकेक गोष्ट निघाली. कुणाचे ४९९, कुणाचे १,२००, एकीचे ३,८००. सगळ्यांचा शेवट एकच: “मग म्हटलं जाऊ दे, कोण मागे लागणार.” या माणसांना हक्काची जाणीव नाही असं नाही. दिवसभर दमलेली माणसं आहेत, त्यांनी रकमेचा आणि मनस्तापाचा हिशेब घातला आणि मनस्ताप वाचवला. पण ४९९ रुपयांचं दुकान चालतंच मुळी या हिशेबावर. कुणी मागे लागणार नाही एवढीच रक्कम ठेवायची. ती ठेवणाऱ्याला माणसाचा स्वभाव चांगला कळतो.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं तेव्हा ऑनलाइन वगैरे काही नव्हतं, भेसळ होती, वजनात मारणं होतं, साठेबाजी होती. एकट्या ग्राहकाला कुणी विचारत नाही, हेच तेव्हाही मुळाशी होतं. माझी मावशी गोरेगावला असताना मुंबई ग्राहक पंचायतीत होती. शेजारपाजारच्या घरांचा मिळून एक संघ, महिन्याची एकत्र यादी, एकत्र खरेदी, आणि माल आला की बायका बसून वाटप करायच्या. मावशी म्हणायची, त्या संघात वाण्याला घाबरायचं कुणाला कारणच उरलं नाही. आज आपण प्रत्येक जण आपापल्या मोबाईलमध्ये एकटे खरेदी करतो आणि फसलो तरी एकटेच गप्प बसतो. आई आठ दिवस बसली होती तशी.

माझी तक्रार १९१५ वर मिटली नसती तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होते, आणि त्यासाठी सगळी माहिती काढून ठेवली होती. ती सांगून टाकते, कुणाच्या तरी कामी येईल. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, तक्रार आपण जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात करता येते. हा २०१९ च्या कायद्यातला फार मोठा बदल. घरबसल्या दाखल करण्यासाठी आधी ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती नावाचं पोर्टल आहे. आपण दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही, आपली बाजू आपण मांडू शकतो, आणि सुनावणी व्हिडिओवरून मागता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं. कायद्यात साध्या तक्रारीच्या निकालाला तीन महिन्यांची मुदत आहे, प्रत्यक्षात तारखा पडतात, हेही खरं. पण आयोगाचा कागद पुढे आला की कंपनीकडे ती तक्रार चॅटच्या यंत्राकडून उठून खऱ्या माणसाकडे जाते.

आणखी एक वेगळीच तऱ्हा माझ्या एका सहकाऱ्याची. त्याचे पैसे खात्यातून गेले पण ऑर्डर झालीच नाही, दुकानदार म्हणे आम्हाला मिळाले नाहीत. अशा अडकलेल्या व्यवहाराला रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. दुकानाला यूपीआयनं दिलेले पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे रोजचे १०० रुपये भरपाई. त्यानं बँकेला या नियमाचा उल्लेख करून दोन ओळी लिहिल्या आणि त्याचं काम झालं. बँकेनं ३० दिवस दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

पैसे कशानं भरतो यावर पुढचं किती अवलंबून आहे, हे मला या सगळ्यातून कळलं. नव्या, अनोळखी दुकानातून घ्यायचंच असेल तर मी आता कार्ड वापरते. कार्डावर माल न आल्याची तक्रार बँकेत करता येते, चार्जबॅक म्हणतात त्याला, आणि बँक ते पैसे दुकानाच्या बँकेकडून परत मागते. त्यालाही मुदत असते आणि पुरावे लागतात, पण निदान एक दार उघडं असतं. कुणा माणसाच्या नावानं थेट यूपीआय केलं की ते दारच नसतं. आणि ज्या दुकानाच्या साइटवर पत्ता, पिनकोड, तक्रारीचा माणूस यांतलं काहीच नाही, फक्त व्हॉट्सअ‍ॅप नंबर आहे, तिथून मी घेत नाही. घरगुती मसाले, गोधड्या विकणाऱ्या खऱ्या बायकाही अशाच नंबरवरून विकतात, हे मला ठाऊक आहे आणि त्याचं वाईट वाटतं. त्यांच्याकडून घेताना मी आधी फोन करते, बोलते, शक्य असेल तर ओळखीतल्या कुणी घेतलंय का विचारते. बोलल्यावर पुष्कळ कळतं.

माल न आलेल्या माणसाच्या मागे दुसरी एक टोळीही लागते. वैतागून आपण गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो आणि वरचा पहिलाच नंबर चोराचा निघतो. ‘तुमचं पार्सल पत्ता चुकल्यानं अडकलंय, लिंकवर पाच रुपये भरा’ असे पोस्टाच्या नावाचे मेसेज येतात. कुरियरवाला म्हणून कुणी फोन करून स्टार ४०१ किंवा स्टार २१ नं सुरू होणारा नंबर डायल करायला सांगतो, आणि तो केला की आपले सगळे फोन त्याच्याकडे वळतात, बँकेचेही. नंबर नेहमी कंपनीच्या अ‍ॅपमधूनच घ्यायचा.

राहिला ओटीपी. पार्सल हातात आल्याशिवाय तो सांगायचा नाही. हे म्हणणं सोपं, पण दारातल्या मुलाकडे बघून ते अवघड जातं. परवा एक मुलगा खालून फोन करत होता, “मॅडम ओटीपी सांगा ना, गेटवर ठेवतो, अजून साठ पार्सलं आहेत.” त्याच्या आवाजात धाप होती. मी म्हटलं, “थांब, मी येते खाली.” मी चार जिने उतरले, खोका घेतला, मग ओटीपी सांगितला. त्याला पाणी विचारलं, त्यानं बाटली पुढे केली. त्या निळ्या सॅंडलच्या दाराशी फोटो काढणाराही असाच कुणी असेल, उन्हात, चुकीच्या गल्लीत, पुढचे साठ खोके गाडीवर घेऊन. माझं भांडण त्याच्याशी नव्हतं आणि मेलमध्ये मी तसं लिहिलंही होतं.

गेल्या रविवारी मी साताऱ्याला होते. आईनं मिक्सरचं भांडं मागवलं होतं, मला आधी विचारून, मोठ्या साइटवरून. पार्सल आलं. तिनं ते लगेच फोडलं नाही. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर खोका ठेवला आणि बाबांना हाक मारली, “अहो, मोबाईल घ्या, शूटिंग करा.” बाबा चष्मा लावून आले. त्यांचं बोट अर्ध्या कॅमेऱ्यावर होतं, ते मी हळूच सरकवलं. आई पत्त्याचं लेबल मोठ्यानं वाचायला लागली, नाव, घर नंबर, ऑर्डरचा आकडा, एकेक अंक सुटा करून, जसं ती पूर्वी रेशनच्या कार्डावरचं वाचायची. मध्येच थांबली.

“गल्लीचं नाव चुकवलंय बघ त्यांनी. तरी आला बिचारा शोधत.” मग कात्री हातात घेत बाबांना म्हणाली, “बंद नका करू हं. अजून उघडायचंय.”